तपासणी मुलाची की कन्नडची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात स्वमग्नता, अतिचंचलताही येते. योजना चांगलीच. पण बेळगाव-खानापूरच्या मराठी घरातल्या पोराला कन्नडमधून प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर त्यातून काय समजणार? एखाद्याला उगाच शिक्का बसेल. उलट खरी अडचण असलेले मूल ‘भाषा येत नाही म्हणून बोलत नाही’ एवढ्यावर नजरेतून सुटेल आणि उपचाराची वर्षे वाया जातील. हे नुकसान अधिक मोठे. आईला मराठीतून विचारा, हाक मारली की बघतो का? घरी बोलतो का? घटनेचे कलम 350-अ प्राथमिक शिक्षणापुरते आहे, मान्य. पण पलीकडे चंदगडात हेच काम मराठीतून चालते, तर प्रश्नावली नव्याने करायचीही गरज नाही. संघटनेने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना याच महिन्यात निवेदन द्यावे.