परदेशी निघालेल्या मुलांचा लॅपटॉप

उन्हाळा सरला, की आमच्या शिरूर तालुक्यातल्या काही घरांत अलीकडे एक नवीनच लगबग सुरू होते. कुणाचा मुलगा जर्मनीला, कुणाची मुलगी अमेरिकेला शिकायला निघालेली असते. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे ऑगस्टअखेर सुरू होतात, जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरात. त्याआधी व्हिसा, बँकेचे कर्ज, गरम कपडे, चटण्या-लोणची अशी धावपळ चालते. येमाईच्या पाया पडून होते, पाहुण्यांच्या भेटी होतात. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त खल होतो तो कोणता लॅपटॉप घ्यायचा यावर.

या चर्चेत पुण्यातला भाचा बोलतो, दुकानदार बोलतो, आधी गेलेला मित्र फोनवरून बोलतो. ज्या मानेला, मनगटाला आणि डोळ्यांना ते यंत्र निदान दोन वर्षे सोसायचे आहे, त्यांची बाजू मात्र कोणीच मांडत नाही. म्हणून आज ते वकीलपत्र मी घेतो. रॅम आणि प्रोसेसर यांतले मला तुमच्या मुलांइतके कळत नाही. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. पण मान आखडलेली, बोटांना मुंग्या येणारी, डोळे चुरचुरणारी तरुण मुले आता आमच्या खेड्यातल्या दवाखान्यातही येऊ लागली आहेत. पूर्वी ही दुखणी पन्नाशीच्या पुढची समजली जात.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. बहुसंख्य मुलांना सुमारे दीड किलोच्या आतला, चौदा इंची लॅपटॉप पुरेसा आहे. त्याहून भारी, खेळ खेळण्यासाठी बनवलेले मोठे यंत्र घेण्यात पैसाही जातो आणि पाठही.

‘पोर्टेबल’ म्हणजे उचलून नेता येण्याजोगा. १९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न नावाचा असा संगणक बाजारात आला, त्याचे वजन जवळजवळ अकरा किलो होते आणि पडदा अवघा पाच इंचांचा. उचलता येतो म्हणजे वागवता येतो असे नव्हे, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. आजचा मोठा गेमिंग लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास भरतो, त्याचा चार्जर अर्धा-पाऊण किलोचा. म्हणजे झाले तीन किलो. आपल्याकडे जन्मणारे बाळ साधारण अडीच-तीन किलोचे असते. ते बाळ पाठीवर बांधून, हातात वह्या-पाण्याची बाटली घेऊन, बर्फातून बसथांब्यापर्यंत रोज चालायचे आहे असे समजा. तिकडे दारात मोटारसायकल नसते. बरेच चालावे लागते, जिने चढावे लागतात. शाळेच्या मुलांच्या दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात सांगितले आहे. पन्नास किलोच्या मुलीला हा हिशेब लावला तर पाच किलो होतात. त्यातले तीन एकट्या यंत्राने खाल्ले, तर पुस्तके आणि डबा कुठे ठेवायचा?

आता मानेचे पाहू. लॅपटॉपमध्ये एक मूळचाच दोष आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात सुखात ठेवले तर मान खाली जाते. आपण अर्थातच मान खाली घालतो. आपल्या डोक्याचे वजन साडेचार ते साडेपाच किलो. २०१४ साली हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जननी संगणकावर गणित मांडून दाखवले, की मान साठ अंश वाकवली तर मानेच्या मणक्यांवर सुमारे सत्तावीस किलोचा भार येतो. हे गणितच आहे, प्रत्येकाच्या मानेत वजनकाटा लावलेला नाही. पण खताची अर्धी गोणी मानेवर घेऊन अभ्यास करावा लागत असेल, तर रात्री मान का दुखते हे वेगळे सांगायला नको.

उपाय स्वस्त आहे. लॅपटॉप स्टँडवर किंवा चार जाड पुस्तकांवर ठेवावा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी, आणि टाइप करण्यासाठी वेगळा कळफलक व माऊस वापरावा. साधी जोडी हजार-पंधराशे रुपयांत मिळते. महाग लॅपटॉपला वीस हजार जास्त मोजणारा बाप या हजाराला का कचरतो, हे मला अजून उमगलेले नाही. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना रात्री बधिरपणा येऊ लागला, तर मनगटातली नस दाबली जाते आहे असे समजून वेळीच दाखवावे.

नावात ‘लॅप’ असला तरी हे यंत्र मांडीवर ठेवू नये. मोठ्या यंत्राची उष्णताही मोठी. रोज तासन्‌तास मांडीवर ठेवणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तांबूस-काळसर डाग पडल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले आहे. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना असेच डाग पडतात. शिवाय २००५ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी २९ तरुणांवर पाहिले, की तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यास वृषणांचे तापमान अडीच अंशांहून जास्त वाढते. यावरून मूल होणार नाही असा निष्कर्ष काढू नका, तसे सिद्ध झालेले नाही. पण शुक्रजंतूंना थंडावा लागतो हे शरीरशास्त्राने केव्हाच सांगितले आहे. टेबल असताना मांडी का भाजावी?

डोळ्यांसाठी पडदा फार लहान नको, कारण अक्षरे बारीक झाली की माणूस पुढे वाकतो. म्हणूनच मी चौदा इंच म्हणतो. चकचकीत आरशासारखा पडदा टाळावा. पडदा हातभर अंतरावर ठेवावा. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या फार कमी लववतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नियम मुलांच्या सहज लक्षात राहतो.

विजेचे दोन शब्द. आपल्याकडे २३० व्होल्टची वीज, जर्मनी आणि इंग्लंडमध्येही तीच. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१०० ते २४०’ असे छापलेले असेल तर तो कुठेही चालतो, फक्त पिन बदलावी लागते. पिनेचा अडॅप्टर व्होल्ट बदलत नाही. म्हणून आईने प्रेमाने दिलेला घरचा मिक्सर अमेरिकेत धड चालत नाही. लॅपटॉप विमानात हातातल्या पिशवीतच न्यावा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नये. लिथियमच्या बॅटरीला आग लागू शकते आणि सामानाच्या खणात ती विझवायला कोणी नसतो. केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत सात-आठ किलोच असते, तेव्हा इथेही हलके यंत्रच कामाला येते.

‘तिकडे जाऊनच घेऊ’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की जर्मनीतल्या कळफलकावर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात. इथून घेणाऱ्यांनी दुरुस्तीची हमी त्या देशात चालते का, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न सोडता कागदावर पाहावे.

दुसरी बाजूही आहे. वास्तुशास्त्र, चित्रफिती, त्रिमितीय आराखडे शिकणाऱ्यांना ताकदवान यंत्र लागते, हे मला मान्य आहे. त्यांनी विभागाची यादी मागवावी आणि तसेच यंत्र घ्यावे. पण अनेक विद्यापीठांत जड कामासाठी प्रयोगशाळेतले संगणक असतात. तिथे काय मिळते हे न विचारता ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून भारी यंत्र घेणे मला पटत नाही. शैक्षणिक कर्जात अभ्यासाला लागणाऱ्या संगणकाचा खर्च धरता येतो, म्हणून हात सैल सुटतो. पण कर्ज ते कर्जच. त्यावर व्याज चढते, आणि ते फेडताना कांद्याचा भाव काय असेल ते कोणी सांगावे?

वाचलेल्या पैशांतून निघण्यापूर्वी दोन कामे करा. डोळे तपासून चष्म्याच्या दोन जोड्या करून घ्या, आणि दाढा दाखवून किडलेल्या भरून घ्या. परदेशातल्या विद्यार्थी-विम्यात चष्मा आणि दात बहुधा वेगळे धरले जातात. इथे काही शेकड्यांत होणारे काम तिथे महिन्याचा शिधा खाऊन जाते. चष्म्याच्या नंबरचा कागद आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी सामानात असू द्या.

दुकानात जाल तेव्हा मुलाला यंत्र नुसते पाहू देऊ नका. चार्जरसकट पिशवीत घालून, ती त्याच्या पाठीवर देऊन दुकानाचा जिना दोनदा चढायला लावा. दुकानदार हसेल, हसू द्या. खांदे ओढले जात असतील, तर ते यंत्र परत ठेवा आणि दुसरे मागा.