खांदा, भिंत आणि सोऱ्या

गेल्या नरकचतुर्दशीला उटणे लावायला उजवा हात पाठीमागे नेला, तो अर्ध्या वाटेतच अडला. फडके रोडवरच्या पहाटगर्दीत ओळखीच्यांना मी नुसती मान हलवून नमस्कार करीत होतो. मंडळी मला शिष्ट समजली असतील. पुढे कॉलेजात फळ्याच्या वरच्या ओळी कोऱ्या राहू लागल्या. त्यावाचून मराठीच्या प्राध्यापकाचे फारसे अडत नाही म्हणा. पण गाडीत कडी धरता येईना, तेव्हा डोंबिवलीकराचे सगळेच अडले.

एका व्यायामशाळेत गेलो. तेथील तरुणाने "दुखू द्या, सर" म्हणत जोर मारायला लावले. आठवड्याभरात त्या कुशीवर झोपणेही बंद! अखेर डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठविले. बाई म्हणाल्या, "विश्रांती पुरे झाली. आता भिंत ढकला."

बडोद्याच्या मजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. अशा भाषेचा मी प्राध्यापक, आणि माझ्या वाट्याला भिंत! मग हिशेब कळला. जमिनीवरच्या साध्या जोरात शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. भिंतीशी उभ्याने केला तर फारच थोडा. तेव्हा आधी भिंत, मग ओटा, मग पलंगाची कड, आणि शेवटी जमीन. कोपरे पंखांसारखी पसरायची नाहीत. शिवाय खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो स्वतःकडे ओढायचा. नुसते ढकलून खांदा सावरत नाही. हे आठवड्यातून दोन-तीनदाच, मधे एक दिवस सोडून.

खरी मेख दुखण्यात आहे. किंचित दुखले तर चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवे. नाही आले, तर एक पायरी खाली. मी दोनदा उतरलो, आणि एकदा रागाने आठ दिवस काहीच केले नाही. हाताला बधिरता येत असेल, सांधा सुजून गरम झाला असेल किंवा रात्रीची झोप मोडत असेल, तर मात्र भिंतीच्या आधी डॉक्टर.

चार महिन्यांनी मी ओट्यापर्यंत पोचलो. पण सकाळी ओटा मोकळा असतो कुठे! परवा चकल्यांची भाजणी मळून सौ. म्हणाली, "अहो, तुमचे जोर झाले असतील तर हा सोऱ्या दाबा."

पहिला घाणा मी पाडला. चकल्या जरा वेड्यावाकड्या आल्या, पण हात थांबला नाही. फळ्याची वरची ओळ अजून बाकी आहे.