वाळवंटातले घर आणि टँकरचे पाणी

२०२३ सालचा पहिला दिवस अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीवर उजाडला, तेव्हा तिथल्या पाचशेहून अधिक घरांचे नेहमीचे पाणी तुटलेले होते. ही वस्ती गोरगरिबांची नव्हे. एकेका घराभोवती एक-दोन एकर मोकळी जागा, मागे डोंगर, समोर उंचच उंच सग्वारो निवडुंग, काहींच्या दारात घोडे. अनेक घरांची किंमत पाच लाख डॉलरच्या वर. अशा घरांतली माणसे त्या जानेवारीत कागदी ताटल्यांत जेवू लागली, धुण्याचे कपडे घेऊन नातेवाइकांकडे जाऊ लागली आणि पावसाचे पाणी बादल्यांत साठवून शौचालयात वापरू लागली.

वस्तीत नळयोजना कधीच नव्हती. काही घरांच्या स्वतःच्या विहिरी होत्या. उरलेल्यांनी अंगणात जमिनीखाली मोठ्या टाक्या बसवल्या होत्या आणि टँकरवाला त्या भरून देत असे. टँकर भरला जाई शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या नळावर. कोलोरॅडो नदीचे पाणी आटू लागले, तेव्हा शहराने आपल्या दुष्काळी आराखड्यावर बोट ठेवून सांगितले, की आमचे पाणी आमच्या हद्दीतल्या करदात्यांना पुरवायचे आहे. हद्दीबाहेरच्यांनी आपली सोय पाहावी. सूचना २०२१ मध्येच दिलेली होती. मुदत संपताच नळ बंद झाला. टँकर लांबून पाणी आणू लागले आणि पाण्याचा खर्च काही पटींनी वाढला. रहिवासी न्यायालयात गेले. तिथे तातडीचा दिलासा मिळाला नाही.

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात, ते उगाच नव्हे. ही घरे घेणारी माणसे शिकलेली होती. त्यांनी कर्जाचे व्याज पाहिले असेल, छपराची तपासणी करून घेतली असेल, वाळवी आहे का हेही विचारले असेल. मग वाळवंटात घर घेताना पाण्याचा प्रश्न राहिला कसा? या प्रश्नाचे उत्तर एकट्यादुकट्याच्या भाबडेपणात नाही. ते कायद्यात, नदीच्या वाटपात आणि घरे विकण्याच्या पद्धतीत आहे.

वाळवंटाची ओढ

अमेरिकेत थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशाकडे सरकणाऱ्या माणसांचा ओघ जुना आहे. मिनेसोटाकडचा किंवा कॅनडातला निवृत्त माणूस हिवाळ्यात अ‍ॅरिझोनात येतो, चार महिने उबेत काढतो आणि एक दिवस कायमचे इथेच राहावे असे त्याच्या मनात येते. २०२० च्या महासाथीनंतर घरी बसून काम करणाऱ्या तरुणांचीही त्यात भर पडली. मोठ्या शहरातल्या किमती न परवडणाऱ्यांना वाळवंटातले छोटे गाव म्हणजे स्वस्ताई, शांतता आणि रात्रीचे स्वच्छ आकाश वाटते.

ही ओढ खोटी नाही. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एका गावाचे उदाहरण घ्या. गावाच्या नावाचा उच्चार ‘आहो’. मराठी कानाला कुणी हाक मारल्यासारखा वाटावा असा. तांब्याच्या खाणीवर वसलेले हे गाव १९८५ मध्ये खाण बंद पडताच ओस पडण्याच्या बेताला आले. कामगारांसाठी बांधलेली छोटी घरे विक्रीला निघाली आणि ती निवृत्त लोकांनी घेतली. गाव तगले. आज तिथे सुमारे तीन हजार माणसे राहतात, मधोमध कमानींचा देखणा चौक आहे, जुन्या शाळेच्या इमारतीत कलावंतांची घरे आहेत. बिस्बी या दुसऱ्या खाणगावातही १९७५ नंतर असेच घडले. उजाड होऊ घातलेली गावे बाहेरून आलेल्या माणसांनी जगवली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण आहोहून फिनिक्सचे मोठे रुग्णालय सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. साठाव्या वर्षी हे अंतर म्हणजे मजेचा प्रवास असतो. ऐंशीव्या वर्षी, गाडी चालवणारा जोडीदार गेल्यावर, तेच अंतर घराची खरी किंमत ठरवते. उन्हाळ्याचेही तसेच. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. फिनिक्स ज्या मॅरिकोपा कौंटीत आहे, तिथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले काही घरातच, वातानुकूलन यंत्र बिघडलेले किंवा बंद असताना झाले. तिथे हे यंत्र चैनीची वस्तू राहिलेले नाही, आणि त्याचे वीजबिल घराच्या हप्त्याइतक्याच गांभीर्याने धरावे लागते. जानेवारीत घर पाहायला गेलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही.

पाच भूखंडांची वाट

आता पाण्याकडे वळू. अ‍ॅरिझोनाने पाण्याचा विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भूजलाचा बेसुमार उपसा पाहून १९८० मध्ये, ब्रूस बॅबिट गव्हर्नर असताना, तिथे भूजल नियमनाचा कायदा झाला. कोलोरॅडो नदीचे पाणी फिनिक्स-टूसॉनपर्यंत आणणाऱ्या कालव्यासाठी केंद्राचा पैसा हवा होता आणि भूजलाला आवर घाला, असा केंद्राचा आग्रह होता. त्यातून हा कायदा जन्मला. त्यातली एक तरतूद अमेरिकेत आदर्श मानली गेली: नियंत्रित क्षेत्रात नवी वसाहत उभारणाऱ्याने शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याची हमी आधी दाखवली पाहिजे.

शंभर वर्षांची हमी! वाचून कुणालाही हेवा वाटेल. पण कायद्यात ‘वसाहत’ म्हणजे सहा किंवा अधिक भूखंड. जमिनीचे पाच किंवा त्याहून कमी तुकडे करून विकले, तर ही अट लागत नाही. शेतकऱ्याला आपल्या मुलांना जमीन वाटून देता यावी, अशा छोट्या व्यवहारांसाठी ही मोकळीक समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात तिचा उपयोग वेगळाच झाला. एकाने जमीन घ्यायची, पाच तुकडे करायचे; त्यातला एखादा तुकडा दुसऱ्याने घ्यायचा, पुन्हा तुकडे करायचे. रिओ व्हर्डे फूटहिल्समध्ये सुमारे दोन हजार घरे अशी वाढत गेली. कौंटीने बांधकामाला परवाने दिले, बँकांनी कर्जे दिली, दलालांनी देखाव्याची छायाचित्रे छापली. प्रत्येकाचे काम नियमात बसत होते. पाण्याची हमी देणे मात्र कुणाचेच काम नव्हते.

अशा व्यवहारात विकणाऱ्याला एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. महापालिकेच्या हद्दीबाहेरचे पाच किंवा कमी भूखंड विकताना रस्ता, सांडपाणी आणि पाणी यांची स्थिती त्यात लिहायची असते. ते व्यवहार पुरा होण्याच्या किमान सात दिवस आधी खरेदीदाराच्या हाती पडले पाहिजे आणि ते मिळाल्यावर पाच दिवसांत त्याला सौदा मोडता येतो. म्हणजे ‘पाणी टँकरने येते’ हे कागदावर येते. पण तो टँकर कुठे भरतो, तो नळ कुणाच्या मालकीचा आहे आणि त्या मालकाने उद्या नाही म्हटले तर काय, हे विचारायचे खरेदीदाराला सुचावे लागते. पाणी रोज येत असते तेव्हा असे प्रश्न सुचत नाहीत.

नदीचा हिशेब

स्कॉट्सडेलने दार लावले म्हणून त्याला निर्दय ठरवणे सोपे आहे. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ हा न्याय जगभर चालतो आणि या तळ्यातच पाणी कमी झाले होते. कोलोरॅडो नदीचे वाटप ज्या करारावर उभे आहे तो १९२२ चा. करार झाला ती वर्षे भरपूर पावसाची होती. नदीत नेहमी असते त्याहून अधिक पाणी गृहीत धरून राज्यांनी ते आपसात वाटून घेतले. पुढे माणसे वाढली, उष्मा वाढला आणि नदीचा प्रवाह घटला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने या नदीवर इतिहासात प्रथमच टंचाई जाहीर केली. त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला २०२२ मध्ये १८ टक्के आणि २०२३ मध्ये २१ टक्के कात्री लागली.

नदी कमी पडली की माणूस जमिनीखाली पाहतो. तिथलाही हिशेब जून २०२३ मध्ये पुढे आला. फिनिक्स परिसरात येत्या शंभर वर्षांत भूजलाच्या मागणीपैकी सुमारे चार टक्के भागणार नाही, असे राज्याच्या जलखात्याने मांडले. एक एकर जमिनीवर एक फूट पाणी म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. अशी ४८ लाखांहून अधिक एकर-फूट तूट. गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी त्यानंतर केवळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना हमीचे दाखले देणे थांबवले. निर्णय धाडसी होता. पण पाच भूखंडांच्या वाटेने जाणाऱ्याला मुळातच दाखला लागत नसल्याने त्याला तो आडवा येत नाही.

नियंत्रित क्षेत्रांच्या बाहेरच्या ग्रामीण भागात तर ज्याचा पंप मोठा त्याचे पाणी, असा प्रकार बराच काळ चालत आला आहे. ला पाझ कौंटीत एका सौदी दुग्धकंपनीची उपकंपनी अल्फाल्फा नावाचे गुरांचे वैरण पिकवते. त्या उपशाने आसपासच्या विहिरी आटतात, असा आरोप करून राज्याच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यावर खटला भरला. खटल्याचे काय व्हायचे ते होवो. ज्याची विहीर कोरडी पडली, त्याला घर विकताही येत नाही आणि राहताही येत नाही.

रिओ व्हर्डेत आणखी एक गोष्ट दिसली. काही रहिवाशांनी आपली स्वतंत्र पाणीसंस्था स्थापण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा विरोध झाला तो शेजाऱ्यांकडूनच. ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांना नवी सरकारी यंत्रणा आणि तिचे अधिकार नको होते. शहरापासून दूर, करांपासून दूर, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहायचे म्हणूनच तर ते तिथे आले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कौंटीच्या मंडळाने प्रस्ताव फेटाळला. चार महिन्यांनी नळ बंद झाला. अखेर जून २०२३ मध्ये खास कायदा करून स्कॉट्सडेलमार्फत २०२५ अखेरपर्यंतची तात्पुरती सोय करावी लागली आणि कायमच्या व्यवस्थेचे काम एका खासगी पाणीकंपनीकडे गेले. ज्या सरकारपासून लांब जायचे होते, त्याच्याच दारात उभे राहण्याची वेळ आली.

आपण काय शिकावे?

फिनिक्स परिसरात आज मराठी कुटुंबे आहेत. इथल्या आईवडिलांना मुलाने पाठवलेली नव्या घराची छायाचित्रे कौतुकाने पाहताना पुढचे चार प्रश्न विचारायला हरकत नाही. पाणी नळयोजनेचे, विहिरीचे की टँकरचे? नळाचे असेल तर ती योजना कुणाची आणि तिचा स्रोत कोणता? विहिरीचे असेल तर राज्याच्या जलखात्याकडे विहिरींची नोंद सर्वांना पाहता येते. शेजारच्या विहिरी कोणत्या साली किती खोल खणल्या, ते ओळीने मांडले की पाणी किती वेगाने खाली चालले आहे याचा अंदाज कुणालाही येईल. विहीर सामाईक असेल तर करार लेखी आहे का? आणि टँकरचे असेल तर तो भरतो कुठे?

या प्रश्नांसाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचीही गरज नाही. पुण्या-ठाण्याच्या वेशीवरच्या किती सोसायट्यांत पोहण्याचा तलाव आहे आणि प्यायला टँकर येतो, हे वाचकांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेही आपण पाहिले. आपल्याकडे २०१७ पासून ‘महारेरा’ आहे. ताबा आणि चटईक्षेत्र याबद्दल ग्राहकाला दाद मागता येते. पण नळाला पुढची वीस वर्षे पाणी कुठून येईल, हे खरेदीखतात लिहिलेले नसते. अ‍ॅरिझोनात शंभर वर्षांची अट घालणारा कायदा असूनही पाच भूखंडांच्या फटीतून दोन हजार घरांची वस्ती उभी राहिली. आपल्याकडे त्या अटीपासूनच सुरुवात करावी लागेल.

तोवर घर घेणाऱ्याने आपल्यापुरती खबरदारी घ्यावी. घर पाहायला हिवाळ्यात न जाता मे महिन्यात जावे. तेही नमुना सदनिका दाखवणाऱ्याबरोबर एकदा आणि त्याला न सांगता दुसऱ्यांदा. दुसऱ्या खेपेस पहाटे फाटकाशी थांबून टँकर किती येतात ते मोजावे, आणि चालकाला विचारावे, ‘दादा, पाणी कुठून आणता?’