दुसऱ्या मालकाचा जेसीबी आणि आळेफाट्याचे दुकान

पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगर मागे पडले की मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा ओळीने लागतात. या पट्ट्यातल्या टोमॅटो-कांद्याच्या भावाची चर्चा रोज होते, वर्तमानपत्रांत तिला जागाही मिळते. त्याच रस्त्याच्या कडेला बकेटचे दात, पिन-बुश, सील किट, फिल्टर, होज पाइप आणि पोकलेनचे रोलर विकणारी दुकाने आहेत. त्यांच्या धंद्याकडे शेतीच्या अर्थकारणाचा भाग म्हणून फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक या पट्ट्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत विहीर, शेततळे, बांध, पाइपलाइनचा चर, द्राक्षबागेसाठीचे सपाटीकरण, यातले काहीच आता यंत्राशिवाय होत नाही. यंत्र उभे राहिले की शेतकऱ्याचा हंगामही त्याच्यासोबत थांबतो.

या धंद्याचे पुढे काय, असे विचारले की बहुतेकांचे बोट मोठ्या प्रकल्पांकडे जाते. ते साहजिकही आहे. २३५ किलोमीटरचा पुणे-नाशिक मध्यम अतिजलद रेल्वेमार्ग मंचर-नारायणगाववरून जाणार, या आशेवर इथे अनेकांनी गणिते मांडली होती. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला त्याचा अडथळा होईल, म्हणून ती आखणी बाजूला पडली. पुणे-नाशिक औद्योगिक महामार्गाला भूसंपादनाच्या मुद्द्यावर शेतकऱ्यांनी विरोध केला. डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून पाण्याचा वाद आहे. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण तो खेडला, म्हणजे राजगुरुनगरलाच संपतो. शिवाय एवढ्या मोठ्या कामाचा ठेकेदार नवी यंत्रे आणतो, ती कंपनीच्या सेवा-करारात असतात आणि त्यांचे फिल्टरही कंपनीच्याच गाडीतून येतात. आळेफाट्याच्या दुकानदाराला त्यातून मिळाले तर चार दात आणि दोन होज.

त्याचे खरे गिऱ्हाईक वेगळे आहे. पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराने पाच-सात वर्षे राबवून विकलेले यंत्र तालुक्यातला कोणी तरुण उचलतो. थोडी जमीन, थोडे फायनान्स, घरातले दागिने असे करून तो दुसरा मालक होतो. कंपनीची हमी केव्हाच संपलेली असते. तासाला हजाराच्या आगेमागे भाडे मिळते. त्यातून डिझेल, ऑपरेटरचा पगार आणि हप्ता भागवायचा, उरेल ते घराला. असा माणूस नवा भाग घेण्याआधी जुना किती दिवस चालेल, हे विचारतो. जुन्नर-आंबेगावातला सुट्या भागांचा बाजार याच माणसावर उभा आहे आणि पुढची दहा वर्षे तोच त्याला तारणार आहे.

देशातले आकडेही याला दुजोरा देतात. उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये बांधकाम यंत्रांची विक्री सुमारे १ लाख ३५ हजारांवर गेली. २०२४-२५ मध्ये ती १ लाख ४० हजारांच्या आसपास पोहोचली, म्हणजे वाढ जेमतेम तीन टक्क्यांची. नव्या यंत्रांच्या विक्रेत्याला हा मंदीचा इशारा वाटेल. सुट्या भागांच्या दुकानदाराने तोच आकडा उलट बाजूने वाचावा. गेल्या दोन-तीन वर्षांत विकली गेलेली यंत्रे आता हमीतून बाहेर पडू लागली आहेत आणि २०२८-३० पर्यंत त्यांतली बरीचशी दुसऱ्या मालकाच्या दारात उभी असतील. नवे यंत्र महाग झाले की जुने जास्त दिवस चालवले जाते, हेही आहेच. मागणीची काळजी नको. काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टींची.

आधी हा धंदा चालतो कसा, ते जवळून पाहावे लागेल. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला कुठे तरी विहिरीचे काम चालू आहे. वरचा मुरूम संपून काळा पाषाण लागला, ब्रेकर लावला आणि दुपारी होज फुटला. आत २०० बारच्या वर दाब असतो. तेल कारंज्यासारखे उडते आणि काम जागच्या जागी थांबते. ऑपरेटर दोन पाने लावून होज सोडवतो, गोणपाटात गुंडाळतो आणि दुचाकीवर घोडेगाव नाही तर मंचर गाठतो. दुकानदार जुन्या होजची लांबी मापतो, आतल्या तारांचे थर मोजतो, टोकाच्या नटाचे आटे गेजने तपासतो. मग नवा पाइप कापून दोन्ही टोकांना फिटिंग बसवतो आणि क्रिम्पिंग मशीनमध्ये दाबतो. वीस मिनिटांत होज तयार होतो. तारेचा एक थर कमी असलेला पाइप दिला तरी तो बसतो आणि दोन दिवस चालतोही. तिसऱ्या दिवशी तो कोणाच्या तोंडासमोर फुटेल, हे सांगता येत नाही. दुकानदाराची सगळी विद्या आणि सचोटी त्या वीस मिनिटांत पणाला लागते.

म्हणून नकली मालाचा प्रश्न नुसता कंपनीच्या नफ्याचा नाही. इथे तीन प्रकारचा माल विकला जातो. एक कंपनीच्या डब्यातला. दुसरा राजकोट, लुधियाना किंवा कोइमतूरच्या कारखान्यात स्वतःच्या नावाने तयार होणारा. तिसरा कंपनीचे नाव चोरून खोट्या डब्यात भरलेला. पहिल्या दोघांत स्पर्धा असणे गिऱ्हाइकाच्या हिताचेच आहे. राजकोटचे दात आणि पिन-बुश अनेक कामांना उत्तम चालतात आणि दुसऱ्या मालकाला परवडतातही. तिसरा प्रकार मात्र सरळ फसवणूक आहे. खोट्या हायड्रॉलिक फिल्टरमध्ये शेपाचशे वाचतात आणि त्यातून सुटलेली कचकच पोकलेनचा लाखांच्या घरातला पंप खाऊन टाकते. दुकानदाराने बिलावर ‘कंपनी’ की ‘लोकल’ हे स्पष्ट लिहून द्यावे. एवढी साधी शिस्त या पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन लावून घेतली, तर त्यांच्या धंद्याला दुसऱ्या जाहिरातीची गरज उरणार नाही.

या बाजारावरचे सगळ्यात मोठे सावट इलेक्ट्रॉनिक्सचे आहे. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज-चार आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज-पाच हे प्रदूषण निकष लागू झाले. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. बोगद्यात आणि गावाच्या गल्लीत काम करणाऱ्यांची फुप्फुसे त्याने वाचतील. पण जुन्या यंत्राचा डिझेल पंप पान्याने उघडता येत होता, नव्याच्या इंजिनावर संगणकाचा ताबा आहे. सेन्सर, वायरिंगचा जुडगा, धूर गाळणारा फिल्टर यांपैकी एक जरी रुसला तरी यंत्र शक्ती कमी करते किंवा चालूच होत नाही. बिघाडाचा कोड वाचायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि ते नारायणगावच्या मिस्त्रीकडे नसते. भाग दुकानात असूनही तो यंत्राने ‘ओळखावा’ यासाठी पुन्हा कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो. आज जी यंत्रे पहिल्या मालकाकडे आहेत ती चार-पाच वर्षांनी इथे येतील, तेव्हा हे कुलूप तालुक्याच्या बाजाराला थेट भिडेल.

यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तळेगावला जेसीबीचा कारखाना २००६ पासून आहे. चाकणला ह्युंदाई आणि सॅनीची यंत्रे बनतात. म्हणजे यंत्र जिथे जन्मते तिथून मंचर तासा-दीडतासावर, आणि तरीही त्या यंत्राचा बिघाड वाचायची परवानगी मंचरला नाही.

जगभर याच मुद्द्यावर लढाई सुरू आहे. अमेरिकेत जॉन डिअरच्या यंत्रांची दुरुस्ती शेतकऱ्याला स्वतः करता यावी म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले. आपल्याकडे २०१४ मध्येच भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला न देण्यावरून १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे घेतली. माती खोदणारी यंत्रे त्यात नाहीत. ती घेतली पाहिजेत. जुन्नरच्या द्राक्ष बागायतदाराला ट्रॅक्टर आणि जेसीबी ही दोन्ही शेतीचीच यंत्रे आहेत.

सरकारने कराच्या बाबतीतही हाच फरक ठेवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जेसीबी-पोकलेनच्या भागांना १८ टक्केच राहिले. मोठ्या ठेकेदाराला हा कर परत वळता करून घेता येतो. एकच यंत्र असलेल्या, नोंदणीच्या मर्यादेखालच्या मालकाला तो खिशातून भरावा लागतो आणि शेवटी शेततळ्याच्या बिलात शेतकऱ्याकडून वसूल करावा लागतो.

ऊसतोडणी यंत्रांनी मात्र नवी दालने उघडली आहेत. पारगावचा भीमाशंकर आणि निवृत्तीनगरचा विघ्नहर, दोन्ही सहकारी कारखान्यांना तोडणी मजुरांच्या टंचाईची झळ बसते. राज्याने २०२३ मध्ये तोडणी यंत्राला ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. लहान तुकड्यांच्या शेतात ही यंत्रे किती फिरतील याला मर्यादा आहेत. पण जिथे फिरतात तिथे ऐन गळितात दिवसरात्र चालतात, आणि दगडाला पाते लागले की ते लगेच बदलावे लागते. नोव्हेंबरच्या आधी पाती, बेअरिंग आणि होजचा साठा करून ठेवणारा दुकानदार इथे पाय रोवेल.

उधारी हा या धंद्याचा जुना आजार आहे आणि सध्या तो बळावला आहे. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची बिले थकल्याचा दावा केला. जलजीवन मिशनच्या पाइपलाइनचे बिल अडकले की उपठेकेदार अडकतो, त्याने जेसीबीवाल्याचे भाडे दिलेले नसते आणि जेसीबीवाल्याच्या नावावर दुकानाच्या वहीत सील किटपासून टायरपर्यंत सगळे लिहिलेले असते. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाही तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही, अशी ४३बी(एच) कलमाची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण तिचा फायदा उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना मिळतो. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती धरली जाते. म्हणजे पिन बनवणारा राजकोटचा कारखानदार ४५ दिवसांचा हक्क सांगून दुकानदाराकडून पैसे मागू शकतो आणि दुकानदाराला तोच हक्क कोणाकडे सांगता येत नाही. ही विषमता दूर करणे केंद्राच्या हाती आहे. तोवर दुकानदाराने नुसता भाग विकण्यापलीकडे जावे. सिलिंडरची दुरुस्ती, घासलेल्या भोकांचे बोरिंग, होज बनवणे ही कामे सेवेत मोडतात, त्यांत नफाही जास्त आहे आणि पैसे बहुधा रोख मिळतात.

आणखी एका गोष्टीशिवाय या दोन तालुक्यांतल्या यंत्रांची कथा पुरी होत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातले माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे दगावली. त्यानंतर डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर, म्हणजे पडकईच्या कामांवर गंभीर प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. यंत्राचा प्रत्येक तास हा विकासाचा तास नसतो, आणि भाग विकणाऱ्याचा धंदा वाढावा म्हणून पश्चिमेकडच्या आदिवासी गावांच्या माथ्यावर कोणी बकेट चालवू नये. पण त्याच माळीणमध्ये चिखल उपसायलाही यंत्रेच लागली. माळशेज घाटात किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर दरड आली की आजही पहिला फोन जवळच्या जेसीबीवाल्याला जातो.

पावसाळ्यापूर्वी तहसील कार्यालयांत आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे होतात आणि यंत्रमालकांचे फोन नंबर जमवले जातात. त्या यादीत होज बनवणाऱ्या आणि भाग ठेवणाऱ्या दुकानांचेही नंबर असावेत. जून ते सप्टेंबर रात्री-अपरात्री शटर उघडणाऱ्या दुकानांना सरकारी कामाच्या मालाचे पैसे महिन्याच्या आत मिळतील, एवढी हमी जिल्हा प्रशासनाने द्यावी. दोन्ही तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये हायड्रॉलिक्स आणि बिघाड-कोड वाचण्याचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर चाकण-तळेगावच्या कंपन्यांकडून सामाजिक दायित्वाच्या निधीतून मिळवावे. पावसाळ्यात मातीकाम बंद असते, यंत्रे दुरुस्तीला बसलेली असतात आणि मिस्त्रींनाही वेळ असतो. पहिली तुकडी येत्या जूनमध्येच बसवता येईल.