घाटात ठिपका हरवला!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की गँग गाडीत बसते, मोबाइल डॅशबोर्डवर चढतो आणि घाटापर्यंत सगळं मस्त चालतं. मग बोगदा येतो. बाहेर पडेपर्यंत निळा ठिपका दरीत पोचलेला असतो आणि मॅपवाली बाई थंडपणे सांगते, ‘यू-टर्न घ्या’. एक्स्प्रेस वेवर!

तिचा दोष नाही हो. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर. आपली जागा शोधायला फोनला त्यातले किमान चार ‘दिसावे’ लागतात. बोगद्यात एकही दिसत नाही, म्हणून फोन मघाच्या वेगावरून अंदाज बांधतो. आत ट्रॅफिक तुंबलं, की अंदाज बोंबलला. उघड्यावरही घाटात सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका उशीर म्हणजे ३०० मीटरचा घोळ. त्यातून खंडाळ्याला जुना हायवे आणि एक्स्प्रेस वे अगदी शेजारी-शेजारी. ॲप ठिपका भलत्याच रस्त्यावर चिकटवून मोकळं!

मग करायचं काय? लोणावळा-खंडाळ्याचा मॅप घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी रस्ता दिसेल. बॅटरी सेव्हर बंद. बाण उलटीकडे दाखवत असेल, तर गाडी थांबल्यावर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. लोक बघतील, बघू देत. बाइकवाल्यांनी मात्र ‘टू-व्हीलर’ मोड लावायचाच. गूगल मॅप्सने तो २०१७च्या डिसेंबरमध्ये भारतात आणला. कार मोडवर राहिलात तर ॲप खुशाल एक्स्प्रेस वेवर धाडेल आणि तिथे टू-व्हीलरला बंदी आहे.

आणि प्लीज, खंडाळ्याची एक्झिट चुकली तर ब्रेक मारून रिव्हर्स घेऊ नका. मागून घाट चढून आलेला ट्रक असतो. सरळ कुसगावपर्यंत जा, तिथून लोणावळ्यात मागे या. दहा-पंधरा मिनिटं जातील, मॅगी थोडी उशिरा.

जुन्या घाटातून गेलात तर शिंग्रोबाचं देऊळ लागेल. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनीच त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. ड्रायव्हर मंडळी इथे नाणं वाहून पुढे जातात. तुम्हीही गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात ठिपकाही जागेवर येतो.