पॅकेज किती? याच्या पुढचा प्रश्न

अमेरिकेत एमएससाठी मुलांना पाठवायचं म्हटलं की आपल्याकडचे प्रश्न ठरलेले. रँक किती, फी किती, पॅकेज किती? कर्ज काढायचं तर हे विचारायलाच हवं. सॅन डिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाबद्दलही हेच विचारतात. सरकारी आहे, म्हणजे स्वस्त असणार, असंही अनेकांना वाटतं. पण ती सवलत राज्यातल्या रहिवाशांना. बाहेरच्यांना जादा फी पडते.

मात्र या आकड्यांवरून विद्यापीठ कळत नाही. हे विद्यापीठ १९६० चं, पण त्याचं मूळ त्याहून जुनं. सॅन डिएगोत १९०३ मध्ये समुद्राच्या अभ्यासासाठी एक संस्था निघाली, तीच आजची स्क्रिप्स. तिचे संचालक रॉजर रेव्हेल यांनी विद्यापीठासाठी नेट लावला. म्हणजे आधी संशोधन, मग वर्ग. आज इथे ४० हजारांवर विद्यार्थी आहेत.

स्क्रिप्सच्या चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१३ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. पैशांची ओढाताण झाली, तरी कीलिंग यांनी मोजणी सोडली नाही. २००५ मध्ये ते गेले; आता त्यांचा मुलगा राल्फ तेच काम करतो. दर तिमाहीला नफा दाखवणारी कुठली कंपनी हे करेल?

आणि पॅकेजचं म्हणाल, तर क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी अर्विन जेकब्स याच विद्यापीठात शिकवायचे. चिकाटीनं संशोधन चालतं तिथे उद्योगही रुजतात.

किनारा आपल्यालाही आहे. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. पण आपण पालक तिकडे कधी बघतो? तिथलं एखादं काम तीस-चाळीस वर्षं न थांबता चालावं, असा आग्रह कधी धरतो? आपल्याच कराच्या पैशावर चालतात की त्या!

म्हणून विद्यापीठ निवडताना आणखी एक प्रश्न विचारा. इथे कोण काय शोधतंय, आणि किती वर्षांपासून? सॅन डिएगोला विचारा, तसाच आपल्या गावच्या विद्यापीठालाही विचारा.