वाइनची आवड असणाऱ्याला दिवाळीत काय द्यावे?

दिवाळी तोंडावर आली की पत्रे बहुतेक फराळाची येतात. अनारसे का हसले, चकली का मऊ पडली वगैरे. यंदा मात्र वसमतच्या एका भगिनीने वेगळाच प्रश्न धाडला आहे. ती लिहिते, "धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याला वाइनची आवड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आई-नानांसमोर कुणी बोलत नाही. भाऊबीजेला मी दरवर्षी शर्टपीस देते आणि तो दरवर्षी कपाटात जातो. यंदा त्याच्या आवडीचे काही द्यावेसे वाटते. पण दारूच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. काय देऊ?"

पायरी चढायची गरजच नाही, बाई. पण आधी वाइन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे दुकानावर पाटी 'वाइन शॉप' अशी असते आणि आत व्हिस्की, रम, बिअर सगळेच असते. त्यामुळे नाव एकाचे आणि बदनामी सगळ्यांची! वाइन म्हणजे द्राक्षांचा रस आंबवून केलेले पेय. त्यात अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असते; व्हिस्की-रममध्ये ते ४०च्या पुढे जाते. तुमच्या सासूबाई जेवणानंतर द्राक्षासवाचे दोन चमचे घेत असतील, तर त्यातही आंबवण्याने आपोआप तयार झालेले थोडे अल्कोहोल असतेच. अर्थात ते औषध आहे, हे पेय आहे. चमचा आणि पेला यांत फरक राहतोच.

ही द्राक्षे आपण खातो ती नव्हेत. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. आपल्या राज्यात नारायणगावला १९८०च्या दशकात या उद्योगाचा जम बसला. पुढे नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी वेगळे धोरण आणले. तेव्हा भावाची आवड फार परदेशी आहे असे समजू नका. तिच्यामागे आपलाच द्राक्ष बागायतदार उभा आहे.

आता खरी गोष्ट. वस्तू निवडण्याआधी भावजयीला एक फोन करा. भावाला नव्हे, भावजयीला. भेट भावाच्या हातात पडते, पण राहते तिच्या घरात. तो आठवड्यातून एखाद्या दिवशी जेवताना एक ग्लास घेतो आणि तीही समोर बसून हसत गप्पा मारते, असे असेल तर प्रश्नच मिटला. पण फोनवर ती गप्प झाली, "नको हो ताई, दुसरे काहीतरी द्या" असे म्हणाली, तर तिथेच थांबा. कारण विचारत बसू नका. बायकांना असे वाक्य उच्चारायलाही पुष्कळ बळ लागते.

शौक आणि व्यसन यांतली रेघ बाहेरच्याला दिसत नाही, घरातलीला दिसते. लपवून पिणे, एक दिवस चुकला की चिडचिड, दिवसाउजेडीच सुरुवात, पगाराचा हिशेब न लागणे, ही लक्षणे असतील तर बाटलीच काय, सुंदर ग्लासदेखील देऊ नयेत. अशा घरासाठी खरी भेट म्हणजे तिच्या पाठीशी उभे राहणे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात. हे तिच्या कानावर हळूच घाला.

आणि या विषयावर नाक मुरडणाऱ्या बाईला कुणी मागासलेली म्हणू नये. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान आपल्याच राज्यातल्या बायकांनी केले आहे. त्यांनी सोसले होते म्हणून केले. "लाल वाइन हृदयाला चांगली" असे भाऊ म्हणाला तर त्यालाही सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे की दारूचे कुठलेच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. आवड म्हणून घेतो म्हणावे, औषधाचे नाव कशाला?

बरे, भावजय हसून "द्या की" म्हणाली असे धरू. तर मी सुचवेन मातीचे भांडे. आश्चर्य वाटले ना? वाइनची गार केलेली बाटली टेबलावर गार राहावी म्हणून परदेशातसुद्धा भाजलेल्या मातीची उंच नळकांडी वापरतात. काम अगदी आपल्या माठाचे. भांडे पाण्यात भिजवून ठेवायचे, पाणी निथळले की आत बाटली उभी करायची. भिंतीतला ओलावा सुकता सुकता गारवा देतो. आपल्या कुंभाराला सांगा, आतून साडेचार इंच रुंद, आठेक इंच उंच, तळ सपाट आणि भोक नको. रंग, वार्निश किंवा चकाकी अजिबात नको, नाहीतर माती श्वास घेणार नाही. बाहेरून हवी तर बोटाने ओल्या मातीवरच नक्षी काढून घ्या. भाजून आल्यावर एक दिवस पाण्यात ठेवून पाझर बघा. पुण्याच्या दुकानात अशी वस्तू मिळाली तरी तिच्यावर गावची माती नसते!

दुसरा पर्याय ग्लासांचा. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर हिंडताना काचेच्या वस्तू दिसल्या तर नीट पारखून घ्या. वाइनचा ग्लास देठाचा, पोटाला फुगीर आणि तोंडाला अरुंद असावा. देठ अशासाठी की हाताची ऊब पेयाला लागत नाही. अरुंद तोंडाने वास आत राहतो. काच जाड नको, नक्षी तर नकोच, कारण रंग दिसायला हवा. सहा घेऊ नका, दोन किंवा चार पुरेत. नेताना प्रत्येक ग्लास जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, पोटातही तुकडा कोंबा, एस.टी.च्या धक्क्यांना वर्तमानपत्र पुरत नाही.

खाऊचा डबा मात्र जरूर द्या, पण आपल्या हाताचा नेहमीचा तिखट नव्हे. लाल वाइनबरोबर तिखट अधिकच झोंबते. खारे शेंगदाणे, भाजलेले काजू, साधी शेव, फार तर किंचित तिखटाची चकली. तिखटच हवे असेल तर गोडसर पांढरी वाइन त्यातल्या त्यात बरी, एवढे त्याला सांगून ठेवा.

बाटलीच द्यायची असेल तर ती यजमानांना आणू द्या आणि बिल जपून ठेवा. २ ऑक्टोबरला दुकाने बंद असतात. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली होती, तेव्हा आधी पंचांग पाहा. हा भाऊ पुण्याचा, पण कुणाचा नागपूरला असेल तर अकोल्यापुढची गाडी वर्ध्यावरून जाते आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्या वाटेने बाटली नेऊ नये, मातीचे भांडे खुशाल न्यावे. घरी आणल्यावर बाटली माळ्यावर किंवा गॅसजवळ ठेवू नका, उन्हाळा तर बघूच नका. बूच असेल तर आडवी, फिरकीचे झाकण असेल तर उभी चालते. उघडल्यावर फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे चव टिकत नाही.

राहिली भावजय. भावाच्या आवडीसाठी एवढा खटाटोप आणि तिच्यासाठी नेहमीचा ब्लाउजपीस, असे करू नका. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमच्या गावची ती हळद घरी दळून, स्वच्छ कोरड्या बरणीत भरून द्या. बरणीत ओला चमचा घालू नकोस, असे चिठ्ठीवर लिहायला विसरू नका.